लेलँडच्या पिकअपचं नाक

लेलँड कुसेकच्या पिकअपमध्ये खोट अशी एकच होती. तिचं नाक खाली होतं.

तसं ते कारखान्यातूनच खाली येतं. ओझ्याच्या कामाची कुठलीही दणकट पिकअप घ्या, रिकामी असताना तिची शेपूट वर आणि नाक खाली. हौद्यात वजन पडलं की मागची बाजू बसते आणि गाडी सपाट होते, असा सरळ हिशेब. लेलँडला तो चांगला ठाऊक होता. पण रविवारी चर्चबाहेर गाड्या ओळीनं लागल्या की हिशेब कोण बघतो? सगळ्यांनी पुढची बाजू उचलणारी लेव्हलिंग किट बसवून घेतलेली, गाड्या कशा ताठ मानेनं उभ्या. आणि लेलँडची आपली त्यांच्यात, हरवलेली सुई शोधत असल्यासारखी.

आमच्या वाळूटेकड्यांच्या मुलखातल्या पुरुषांची ही जुनी खोड आहे. पिकअप पसंत करायची ती रिकामी, आणि जन्मभर वापरायची ती भरलेली. घर गळत असेल तर चालेल, कोटाला ठिगळ असेल तर चालेल, पण गाडीनं मान खाली घातलेली चालायची नाही. लेलँडनं तरी बरीच वर्षं दम धरला. मग तो सत्तरीचा झाला आणि ओमाहाहून त्याच्या लेकीचा, जोलीनचा फोन आला.

"बाबा, ते लेव्हलिंग किट का काय ते तुझ्या पसंतीनं घे. माझ्याकडून. आणि या खेपेला 'कशाला, कशाला' म्हणायचं नाही."

"कशाला?" लेलँड म्हणाला, पण फोन ठेवताना त्याचे कान लाल झाले होते.

त्या दिवसापासून कुसेकांच्या जेवणाच्या टेबलावर मिठाच्या बरणीशेजारी कॅटलॉग येऊन बसले. पोरीला स्थळ बघावं तशा लेलँडच्या चौकशा सुरू झाल्या. स्प्रिंगच्या डोक्यावर नुसत्या चकत्या घालायच्या, की स्प्रिंगच उंच घ्यायची? चकत्या सोप्या, पण गाडी हाडं मोडते म्हणतात. उंच स्प्रिंग घेतली तर शॉकअप लांब हवेत, आणि पुढच्या आसाला आधाराच्या पट्ट्याही. तो चष्मा कपाळावर चढवायचा, पुन्हा खाली घ्यायचा, आणि बायकोला वाचून दाखवायचा.

"दोन इंचांनी नाक वर येतं बघ, व्हर्ना. जास्त नाही, दोनच."

"हं," व्हर्ना म्हणायची आणि ताटं उचलायला लागायची.

दोन इंच. व्हर्नाला धास्ती होती ती याच आकड्याची. कारण ती मुळात बुटकी, आणि आता वयानं आणखी आटली होती. गेल्या वर्षी डॉक्टरनं भिंतीशी उभं करून मोजलं आणि मणके दबत चालल्याचं सांगितलं. घरी येऊन तिनं नवऱ्याला कॅल्शियमच्या गोळ्या दाखवल्या. उंचीचं मात्र पोटातच ठेवलं. कपाटाच्या वरच्या फळीला हात पुरेना, तेव्हा तिनं कपबश्या खाली आणल्या. चर्चमध्ये पुढच्या बाकावर बसायला लागली. या सगळ्यावर उपाय होता. पिकअपच्या बॉनेटवरून पुढचं दिसेना, त्यावर मात्र नव्हता.

हिवाळ्यात गुरांना चारा टाकायचा तो त्या दोघांनी मिळून, लग्न झाल्यापासूनची ही रीत. हौद्यात गवताचे गठ्ठे रचायचे. लेलँड त्यावर उभा, तोंड मागं, दोऱ्या कापून गवत खाली लोटत. व्हर्ना स्टिअरिंगवर, सर्वांत खालच्या गिअरमध्ये, माणूस चालेल त्याहून हळू. टपावर एक थाप म्हणजे थांब, दोन म्हणजे चल. मागून गाईंची काळी रांग, त्यांच्या तोंडातून निघणारी वाफ, आणि केबिनच्या मागच्या काचेत एक सरकती खिडकी, थंडी असली तरी वीतभर उघडी ठेवलेली.

त्या खिडकीनं व्हर्नाला नवरा दिला, असं म्हटलं तरी चालेल. कारण घरात लेलँड म्हणजे मुलखाचा घुमा. धाकटा भाऊ गेला तेव्हा जेवणाच्या टेबलावर त्यानं चकार शब्द काढला नाही. पण तिसऱ्या दिवशी चारा टाकताना, तिच्याकडे पाठ करून, दोऱ्या कापता कापता तो बोलायला लागला आणि पुरा चारा संपेपर्यंत थांबला नाही. जोलीन शहरात जाते म्हणाली, तो दिवसही तसाच. व्हर्नानं कधी मागं वळून बघितलं नाही, नुसतं ऐकलं आणि गाडी सरळ ठेवली. बाकी जगाला घुमा वाटणारा हा माणूस तिला रोज सकाळी तासभर मिळायचा, आणि तो तास तिला कशाच्याही बदल्यात द्यायचा नव्हता.

आणि तोच तास जायची वेळ आली होती. गेल्या मार्चमध्ये, गाई विताना, ती रोजच्यासारखी हळूहळू चालवत होती. समोर तिला दिसत होतं ते बॉनेट आणि त्यापलीकडची टेकडी. मधलं काहीच नाही. एक गाय अचानक बाजूनं हंबरत धावून आली, तेव्हा व्हर्नानं नुसत्या भीतीनं ब्रेक दाबला. बंपरच्या अगदी पुढ्यातून एक ओलं वासरू धडपडत उठलं आणि आईकडे गेलं. मागून लेलँड ओरडला, "काय झालं?" ती म्हणाली, "काही नाही, पाय घसरला." त्यानंतर हिवाळा संपेपर्यंत ती मान ताणताणून गाडी चालवत राहिली.

खरं सांगितलं असतं तर लेलँड रागावला नसता. तीच तर पंचाईत होती. तो शांतपणे म्हणाला असता, "बरं," आणि शेजारच्या ऑर्विलनं घेतलंय तसलं यंत्र हौद्यावर बसवून घेतलं असतं. बटण दाबलं की लोखंडी हात गोल गठ्ठा उचलतात आणि उलगडत जातात, एकटा माणूस केबिनमध्ये बसून सगळं करतो. ऑर्विलची बायको मेव्हिस तेव्हापासून सकाळी स्वयंपाकघराच्या खिडकीत बसते. "आरामच आराम," असं ती सगळ्यांना सांगते. व्हर्नानं एकदा तिचा तो आराम जवळून पाहिला होता. टेबलावर पत्त्यांचा एकटीचा डाव मांडलेला, आणि लक्ष सगळं बाहेर, कुंपणापलीकडे.

म्हणून व्हर्नानं खोट्या सबबींवर भिस्त ठेवली.

"गाडी उंच झाली की मला चढता येईल का रे? गुडघे बघ माझे."

"पायरी लावून घेऊ," लेलँड म्हणाला. "दोन्ही बाजूंनी. तेही टिपून ठेवलंय."

"आणि दणके बसतील. माझी पाठ..."

"म्हणून तर चकत्या रद्द केल्या. उंच स्प्रिंगचंच घेतोय, मऊ चालतं. तुझ्या पाठीसाठीच."

आता यावर काय बोलायचं? भांडखोर नवऱ्याशी भांडता येतं, पण हा असा दर सबबीवर उशी आणून ठेवणारा. शिवाय तिला त्याचं वाईटही वाटत होतं. या माणसानं जन्मात स्वतःसाठी हौसेनं काही घेतलं नव्हतं. लग्नातला सूट त्यानं भावाचा घातला होता, बाह्या आखूड होत्या. आणि आता सत्तरीला दोन इंच मागतोय, तर ते द्यायला बायकोचा जीव होत नाही.

ऑक्टोबरात एका मंगळवारी दोघं गावात डॅरिलच्या गॅरेजमध्ये गेली. डॅरिल वयानं त्यांच्या जोलीनएवढा. बोलतो कमी, विचारतो जास्त. कॉफीच्या भांड्याशेजारी ऑर्विल टिमन ठाण मांडून बसला होता. त्याला तिथं काम काही नव्हतं. कॉफी फुकट होती.

"आला का हुंगत्या गाडीवाला," ऑर्विल म्हणाला. "लेलँड, तुझी गाडी काल माझ्या फाटकाशी हुंगत होती. मला वाटलं, उंदीर सापडला की काय."

"तुझ्या फाटकाशी आणखी काय सापडणार," लेलँड म्हणाला आणि कॅटलॉग काउंटरवर उघडला. "डॅरिल, हे. उंच स्प्रिंगवालं."

डॅरिलनं बघितलं. "चांगलंय. पण हौद्यात वजन किती असतं तुमच्या?"

"हिवाळ्यात गवत. बाकी वर्षभर काही नाही."

"म्हणजे हिवाळाभर मागची बाजू बसणार, आणि पुढची वर. दिवे समोरच्याच्या डोळ्यांत जातील."

"कुरणात समोर कोण येतंय? गाई. त्या तक्रार करत नाहीत."

ऑर्विल हसला. डॅरिलनं खांदे उडवले आणि मागणी लिहायला पेन शोधू लागला. व्हर्नाला वाटलं, आता गेलं. आणि बोलायचं ठरवलेलं नसताना ती बोलून गेली.

"भरून बघ की आधी."

तिघांनी तिच्याकडे पाहिलं.

"रिकामी बघून घेतोयस," ती म्हणाली. "हिवाळ्यात जशी भरतो तशी भरून आण, आणि मग बघ नाक कसं दिसतं ते. नाही आवडलं तर?"

मनात तिचा बेत साधा होता. भरलेली गाडी आणि वर आलेलं नाक म्हणजे ध्यानच दिसणार. लेलँड ते बघेल, त्याचं मन उडेल, आणि तिला काही सांगावंच लागणार नाही. लेलँडनं हनुवटी खाजवली. तो मुळात सावध गिऱ्हाईक. कलिंगडसुद्धा चार वेळा वाजवल्याशिवाय घेत नाही. "बरोबर बोलतेस," तो म्हणाला. "उद्या भरून आणतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी पिकअप गवताच्या गठ्ठ्यांनी पार टपापर्यंत भरून गॅरेजपुढच्या खडीच्या पटांगणात उभी राहिली. किट बसवल्यावर जेवढी उंची येईल तेवढ्या जाडीच्या फळ्या डॅरिलनं जमिनीवर ठेवल्या, आणि लेलँडनं पुढची चाकं त्यांवर चढवली. मग तो उतरून लांब गेला आणि डोकं एका बाजूला कलतं करून बघत राहिला. ऑर्विल कॉफी घेऊन बाहेर आलाच होता.

"परवा उंदीर हुंगत होती," ऑर्विल म्हणाला, "आज विमानं मोजतेय."

खरंच तशी दिसत होती. पण प्रेमात पडलेल्या माणसाला शेजाऱ्याचं मत कधी पटलंय? लेलँडला नाक दिसत होतं, वर आलेलं, ऐटदार. मागची बसलेली बाजू त्याच्या नजरेत भरतच नव्हती. "उतरवलं गवत की सरळ होईल ती," तो म्हणाला. व्हर्नाचा बेत असा पाण्यात गेला.

आणि वर लेलँड तिच्याकडे वळून म्हणाला, "तू बस ना आत. हिवाळ्यात चालवणार तू. तुला बरं वाटतं का ते सांग."

तिला चढायला त्यानं हात दिला. तिनं सीट पूर्ण वर घेतलेली होती, वर्षभर ती तशीच होती. दार लागलं. समोर बॉनेटचा लांबलचक पांढरा पत्रा, त्याच्या टोकाशी धान्याच्या कोठाराचं छप्पर, आणि वर आकाश. लेलँड गाडीच्या पुढं जाऊन काही पावलांवर उभा राहिला. छातीच्या वरचा लेलँड तिला दिसत होता.

"दिसतोय का?"

"दिसतोय," ती म्हणाली. ते खरं होतं, आणि तिला वाटलं, एवढ्यावर सुटले.

पण लेलँड म्हणाला, "थांब. वासरू एवढं उंच कुठं असतं." आणि सत्तरीचा तो माणूस त्या खडीवर आधी एक गुडघा, मग दुसरा टेकत, हातांवर आला. चर्चमध्ये विजारीची इस्त्री मोडू नये म्हणून बाकावर टोकाशी बसणारा लेलँड, ऑर्विलच्या देखत, रस्त्यावरून जाणाऱ्या गाड्यांच्या देखत, चार पायांवर. खालून त्याचा आवाज आला.

"आता दिसतोय?"

व्हर्नानं मान उंच केली. हातांवर जोर देऊन सीटवरून उठली. पत्रा, छप्पर, आकाश. तिचा नवरा तिथं नव्हता.

"दिसतोय" म्हटलं असतं तर काम झालं असतं. लेलँडनं तिच्या शब्दावर कधी संशय घेतला नव्हता. नवं किट बसलं असतं, त्याची हौस फिटली असती, आणि पहिल्या बर्फाला ती पुन्हा त्याच खिडकीपाशी बसून त्याचं बोलणं ऐकत असती. तिच्या डोळ्यांपुढं मेव्हिसच्या टेबलावरचे पत्ते आले. मग डोळ्यांपुढं खरंच काय आहे ते तिनं पुन्हा पाहिलं. या पत्र्याखाली कुठंतरी लेलँड होता, आणि तो तिच्या उत्तराची वाट बघत होता.

"नाही," ती म्हणाली.

खडी करकरली. तो मागं सरकला असावा. "आता?"

"नाही."

"आता?"

"नाही, लेलँड."

ऑर्विलनं हसायला तोंड उघडलं होतं. ते त्यानं मिटलं. लेलँड तसाच गुडघ्यांवर मागं जात राहिला, पटांगण ओलांडून पार रस्त्याच्या कडेला पोचला, तेव्हा कुठं व्हर्नाला बॉनेटच्या टोकाशी त्याच्या टोपीचा शेंडा दिसला. तेवढ्या अंतरात एक काय, गावभरची वासरं मावली असती.

लेलँड उठला. गुडघे झटकत खिडकीशी आला आणि हळू आवाजात म्हणाला, "या फळ्यांमुळं?"

ही पळवाटही त्यानं स्वतःच उघडून दिली होती. व्हर्नानं ती घेतली नाही.

"फळ्यांनी थोडं वाढलं. पण भरलेल्या गाडीतून गेल्या हिवाळ्यातही मला दिसत नव्हतं," ती म्हणाली. "मी आटलेय, लेलँड. डॉक्टरनं सांगितलं होतं. मार्चमध्ये एक वासरू चाकाखाली जाता जाता वाचलं. पाय घसरला म्हणाले ना तुला, ते खोटं होतं." मग तिनं उरलेलंही सांगून टाकलं. "तू ते ऑर्विलचं यंत्र घेशील म्हणून बोलले नाही. मला घरात ठेवू नकोस. बाकी काय हवं ते कर."

खिडकीच्या कडेवर त्याचे हात होते, तळव्यांना खडीचे कण चिकटलेले. व्हर्नाला वाटलं, आता "बरं" येणार.

"यंत्राशी बोलायचं काय माणसानं?" लेलँड म्हणाला.

आणि वळून तो डॅरिलकडे गेला. "त्या फळ्या काढ. पुढच्या बाजूला काही करायचं नाही. मागची बाजू बसणारच नाही, असं काय असतं?"

"हवेच्या पिशव्या," डॅरिल म्हणाला. "जाड रबराच्या. आस आणि चौकटीच्या मध्ये बसतात. गवत भरलं की हवा भरायची, मागची बाजू उचलते, नाक खाली येतं. रिकामी केलीत की हवा सोडायची. तोही लेव्हलिंगचाच प्रकार. आहे माझ्याकडे एक जोडी."

"आणि सीट?"

"खाली ठोकळे घालून उचलता येईल. पेडलला पाय पुरेल एवढंच."

"मग घाल."

"लेलँड," ऑर्विलला राहवेना, "म्हणजे रविवारी नाक खालीच?"

"चर्चमध्ये मान खाली घालायलाच जातात," लेलँड म्हणाला. "तू कधी गेलास तर कळेल."

काम दुपारपर्यंत चाललं. व्हर्नानं शेजारच्या बेकरीतून जर्दाळू भरलेले गोड पाव, कोलाच, आणले. लेलँडनं एक खाल्ला, ऑर्विलनं बाकीचे. दोघं नवराबायको गॅरेजच्या ओट्यावर एकमेकांशेजारी बसली आणि गाडीखालून बाहेर आलेले डॅरिलचे बूट बघत राहिली. लेलँड फक्त एकदा म्हणाला, "कपबश्या खाली आणल्यास, तेव्हा मला वाटलं तुला बदल हवाय." व्हर्ना म्हणाली, "बदल कसला मेला." आणि रडू आलं म्हणून तिनं हातरुमालातले कोलाचचे कण झटकले.

मग डॅरिलनं हाक मारली. व्हर्ना पुन्हा चढून बसली. लेलँड गाडीच्या पुढं गेला आणि, कुणी काही सांगायच्या आधीच, पुन्हा खडीवर गुडघे टेकून चार पायांवर आला. पंपाची घरघर सुरू झाली. तिच्या पाठीमागं गवताचं सगळं ओझं हळूहळू वर यायला लागलं, आणि बॉनेट खाली जायला लागलं. कोठाराचं छप्पर दिसत होतं तिथं आता त्याचं दार दिसलं. मग पटांगणाचं टोक. मग एक टोपी, टोपीखाली पांढऱ्या भुवया, आणि मग सबंध लेलँड, तोंड वर करून तिच्याकडे बघणारा.

"दिसतोस," व्हर्ना म्हणाली.

तो एक हात पुढं टाकून जवळ सरकला. "आता?"

"दिसतोस."

आणखी जवळ. "आता?"

"टोपी फक्त." आणि मग, "आता नाही."

लेलँड तिथंच थांबला. बोटानं त्यानं खडीत एक रेघ ओढली, धापा टाकत उठला, आणि रेघेपासून बंपरपर्यंतचं अंतर बघत उभा राहिला. ते फार नव्हतं. पण एखादं वासरू त्यात निजू शकलं असतं, हे दोघांनाही दिसत होतं.

तो खिडकीशी आला आणि म्हणाला, "रेघेच्या पलीकडचं तू बघ. अलीकडचं माझं. गठ्ठ्यांवरून मला ते सगळं दिसतं."

"तू कसा बघणार? तुझं तोंड मागं असतं."

"इतकी वर्षं होतं," लेलँड म्हणाला. "आता पुढं करून उभा राहीन. गवत काय, न बघताही पडतं."

व्हर्नानं त्याच्याकडे पाहिलं. खिडकीतून तो तिला जे जे सांगत आला होता, ते सगळं तिच्याकडे पाठ करून सांगितलेलं होतं. तोंड पुढं केल्यावर त्याला बोलता येईल का, असं तिच्या मनात आलं. तेच त्याच्याही मनात आलं असावं, कारण त्याचे कान पुन्हा लाल झाले होते.

"जमेल," तो म्हणाला. "तू आरशात बघू नकोस म्हणजे झालं."

"बघणार," व्हर्ना म्हणाली आणि तिनं गाडी सुरू केली.